काटेतुंब्याचे राखणदार

परशरामअण्णा कुठल्याही वस्तूचा आधी वास घेतात आणि मग तिच्याशी संबंध ठेवायचा की नाही ते ठरवतात. लग्नाची पत्रिका हातात दिली की ती नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "दोन नंबर." कागद दोन नंबर की लग्न दोन नंबर, हे विचारायची सोय नसते. समोरच्या घराला नवा रंग दिला तेव्हा भिंतीला नाक लावून त्यांनी निकाल दिला, "एक नंबर. पण टिकायचा न्हाय." डॉक्टर तपासायला आले तर त्यांच्या गळ्यातल्या नळीचा वास घेतला. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत गल्लीत आला. अण्णांनी त्याचं पत्रक हुंगलं आणि परत त्याच्याच हातात ठेवलं. "दमट हाय माल. वाळवून आणा."

तो उमेदवार पडला. तेव्हापासून वसाहतीत अण्णांच्या नाकाचा दबदबा आहे.

हे नाक निपाणीत घडलेलं. अण्णांनी सारं आयुष्य तंबाखूच्या व्यापारात काढलं. वखारीत पोतं फोडायचं, मूठभर माल तळहातावर चुरडायचा, नाकाशी न्यायचा आणि भाव बोलायचा. दोन व्यापाऱ्यांचा तंटा झाला की दोघंही अण्णांपुढं मूठ धरायचे आणि अण्णा सांगतील ते मान्य करायचे. असं ते स्वतः सांगतात, आणि निपाणीहून कधीमधी त्यांना भेटायला येणारी म्हातारी माणसं ज्या अदबीनं खुर्चीच्या कडेवर बसतात, त्यावरून ते खरं असावं. पुढं वखारीतला वाटा विकून त्यांनी बेळगावच्या पश्चिम टोकाला, आमच्या वसाहतीत घर बांधलं. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, इथं आल्यावर काही वर्षांनी गेल्या. मुलगा पुण्यात असतो. अण्णा एकटे राहतात.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे आणि वसाहतीच्या सोसायटीची सेक्रेटरी. दोन्हीकडं काम एकच, याद्या करायच्या आणि लोकांच्या मागं लागायचं. अण्णा मला 'सेक्रेटरीबाई' म्हणतात, आणि त्या हाकेत थोडी थट्टा असते. एका होळीला मी त्यांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या. घरी येऊन पाहते तर वेलदोड्याची पूड वाटीत तशीच. पुरणात घालायची राहून गेली होती. माफी मागायला परत गेले, तर अण्णा म्हणाले, "एक नंबर, बाई. वेलदोडा कसा घमघमतोय." मला वाटलं, वयानुसार माणूस सौजन्य शिकतो.

वसाहतीच्या मागं बेळगुंदी गावाकडं पसरत गेलेला माळ आहे. तांबडा मुरूम, मधून मधून उघडा पडलेला काळाठिक्कर दगड आणि त्या दगडाच्या खोबणीत साचलेली ओंजळभर माती. पावसाळ्यात तिथं गुडघाभर गवत होतं, दिवाळीनंतर सगळं करपून जातं. माळाचा एक तिरका तुकडा आमच्या सोसायटीच्या खुल्या जागेत येतो. बाग व्हावी म्हणून तो नकाशात हिरव्या रंगानं दाखवला आहे. प्रत्यक्षात तिथं दगड आहेत आणि काटेतुंबा आहे.

काटेतुंबा म्हणजे वीतभर उंचीचं झुडूप. दांडा गोल नसतो, चौकोनी असतो. पेरापेरावर पानांची जोडी, आणि त्या जोडीच्या बगलेत बोराएवढा गोळा. त्या गोळ्यातून नखाएवढी पांढरी फुलं ओठ काढून बघतात. फुलं गळली की गोळा वाळतो आणि त्याच्या प्रत्येक टोकाला काटा धरतो. साडीला चिकटला तर घरी येईपर्यंत पिच्छा सोडत नाही. आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या सुनंदानं मला सांगितलं, की ते तुळस-पुदिन्याच्या घराण्यातलं आहे. मी ते अण्णांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांना सांगू लागले, "ह्यो पुदिन्याचा चुलतभाऊ. गरीब हाय, म्हणून माळावर ऱ्हातोय."

कारण अण्णा त्या तुकड्याचे राखणदार झाले होते. रोज सकाळी छत्री घेऊन जायचे, एका दगडावर बसायचे आणि कुणी गवतात पाय घातला की खेकसायचे. फिरायला येणारे, क्रिकेटवाले, कुत्री, सगळ्यांशी त्यांचं भांडण झालं. सर्वांत मोठं भांडण लगमव्वाशी. लगमव्वा बेळगुंदीच्या बाजूनं शेरडं घेऊन येते. कानडी आणि मराठी अशी मिसळून बोलते की दोन्हीतल्या शिव्या तिला एका दमात देता येतात.

"एन री अण्णा, शेरडं काय तुमच्या घरातलं खात्यात?"

"माझ्या घरातलं खाऊ देत. हितलं न्हाय!"

"तसलं काटं कोण खातंय? तोंडाला टोचतंय त्यास्नी. अंगाला चिकटतंय, दिसभर मी काढत बसतो."

"मग आणतीस कशाला? हाकल!"

आणि छत्री उघडून मिटून, उघडून मिटून ते शेरडांना माळाच्या पलीकडं पिटाळून येत.

त्या तुकड्यावर संकट आलं ते सोसायटीच्या सभेत. रिटायर्ड इंजिनिअर देसाई यांनी ठराव मांडला, की तिथं सिमेंटच्या फरश्या घालून फिरण्याचा ट्रॅक करावा आणि मधे लॉन लावावी. बायका, म्हातारी माणसं सगळ्यांची सोय होईल. ठराव चांगला होता. मी टाळ्यांसकट तो लिहून घेत होते, तेवढ्यात अण्णा उठले.

"देसाईसाहेब, ट्रॅकवर फिरून काय जाईल? पोट जाईल. आन काटेतुंबा गेला तर परत येतोय व्हय?"

"अण्णा, ते तण आहे."

"तंबाखूच्या रानात हरभरा उगवला तर आमी त्यालाबी तणच म्हणत होतो. बघणारा कोण हाय त्यावर हाय ते."

"पण त्याचा उपयोग काय?"

अण्णांनी देसायांकडं नीट पाहून घेतलं. "तुमचा काय हाय?"

सभा हसली. देसाई हसले नाहीत. शेवटी मीच मधला मार्ग काढला. पुढचा पावसाळा जाऊ द्यायचा. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्या तुकड्यावर ते झुडूप भरून आलं, तर ट्रॅक पलीकडच्या कडेनं वळवायचा. नाही आलं, तर फरश्या. अण्णांनी छातीवर हात ठेवला. "गच्च भरून येतंय. ह्यो निपाणीचा हात हाय."

आणि त्या हातानंच घात केला.

सभेनंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. पाऊस ओसरला होता आणि काटेतुंबा नुकता गोळे धरू लागला होता. सकाळी मी माळावर गेले तर अण्णा उकिडवे बसून एकेका झाडाचा शेंडा नखानं खुडत होते. गोळे, कळ्या, फुलं, सगळं. मागं तांबड्या मुरुमावर हिरव्या शेंड्यांचा सडा पडला होता.

"अण्णा, हे काय करताय? फुलासाठी सभा गाजवली आणि फुलंच खुडताय?"

"फूल ठेवलं की झाडाचा सगळा कस फुलात जातोय, बाई. शेंडा खुडला की कस पानात उतरतोय. पान जाड व्हतंय, वासाला चढतंय. लई वर्षांचं काम हाय आमचं."

तंबाखूचं तसंच असतं. पीक फुलावर आलं की शेंडा मोडतात, पुढं बगलेतले फुटवेही काढत राहतात, म्हणजे पान पोसतं. निपाणीच्या रानात फूल दिसलं तर तो शेतकऱ्याचा आळस समजतात. अण्णांना झाडाची सेवा करायची होती, आणि झाडाची सेवा त्यांना एकाच पिकानं शिकवलेली. पुढं आठवडाभर ते फुटवे काढत होते. एकही सोडला नाही. पानं खरोखर जाड झाली. अण्णा खुशीत होते. देसायांना वाटेत गाठून त्यांनी पान चुरडून त्यांच्या नाकाशी धरलं. देसाई शिंकले.

पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्यावर गवत आलं, आघाडा आला, टाकळा आला. काटेतुंबा आला नाही.

सुरुवातीला अण्णा म्हणायचे, "उशिरा उगवतंय." मग म्हणू लागले, "औंदा ऊन कमी हाय." गणपती झाले. नवरात्र आलं. ते छत्रीच्या टोकानं गवत बाजूला सारत दगडादगडाच्या खोबणीत बघत फिरायचे आणि कुणी दिसलं की चप्पल शोधत असल्यासारखं करायचे. फिरायला येणारे मागचं विसरले नव्हते. "काय अण्णा, कुठाय तुमचा चुलतभाऊ?" अण्णा छत्री उघडून वाट बदलायचे. हळूहळू त्यांनी वास घेणंही सोडलं. दसऱ्याचं सोनं द्यायला लोक गेले तर त्यांनी पानं नाकाशी नेली नाहीत, नुसती खिशात ठेवली.

देसायांनी मला फरश्यांचे दर आणून दिले. ठरावाप्रमाणं दिवाळीनंतर काम सुरू करायला हवं होतं. अण्णांना आधी सांगावं म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडं गेले. दार उघडंच होतं. ते जेवायला बसत होते. ताटात भाकरी, वाटीत आमटी. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला.

"अण्णा, आमटी आंबलीय!"

त्यांचा घास हातात होता. त्यांनी वाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"व्हय?"

त्या आमटीवर फेस आला होता. वास उंबऱ्यापर्यंत येत होता. आणि ज्या माणसाला निपाणीच्या वखारी नाकासाठी मानत, तो माणूस तीत भाकरी कुस्करून खाणार होता. वाटी उचलून मोरीत ओतली, घरून भात आणि मेथीची भाजी आणली, वाढली आणि समोर बसले. अर्धं जेवण झाल्यावर ते आपणहून बोलले.

"त्या तापाच्या साथीत नाक गेलं, बाई. सगळ्यांचं गेलतं, सगळ्यांचं परत आलं. माझं न्हाय आलं."

"मग पत्रिका? रंग? तो उमेदवार?"

"तोंडाकडं बघून सांगत होतो. माणूस वस्तू हातात देताना त्याच्या तोंडावर दिसतंय की, एक नंबर का दोन."

मला माझ्या पुरणपोळ्या आठवल्या. तोंडावर काय दिसलं असेल ते मी विचारलं नाही.

"मुलाला सांगितलंत?"

"सांगून काय? म्हणंल, गॅस सुटला तर कळायचं न्हाय, पुण्याला चला. तिथं चौदाव्या मजल्यावर बसून मी काय करू?" त्यांनी ताटातला भात एका बाजूला सारला. "घरात आलो की दुसऱ्याच कुणाच्या घरात आल्यासारखं वाटतंय. हिच्या साड्या हाईत कपाटात. काढून बघितल्या. मुक्या झाल्यात."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "एकदा माळावर बसलतो. उठताना हात टेकला तर टोचलं. सवयीनं बोट चोळलं, नाकाला लावलं. आन आलं! उभ्या अंगातनं आलं. फकस्त त्याचंच येतंय, बाई. दुसरं कशाचं न्हाय. म्हटलं पान जरा पोसलं, वासाला चढलं, तर त्याच्या मागनं बाकीचंबी येईल एक दिवस." त्यांनी आपल्या नखांकडं पाहिलं. "खुडलं की मी सगळं."

फरश्यांचे दर माझ्या पर्समध्येच राहिले.

सांत्वन करणं मला जमत नाही. मला काम काढता येतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सुनंदाला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, हे झाड वर्षाचं. बी पडलं तर पुढच्या साली उगवणार, मूळ राहत नाही. शेंडेही खुडले आणि फुटवेही काढले, तर बी धरणार कुठून?" मग तिनं विचारलं, "तिथं जनावरं चरत नाहीत का? बी त्या काटेरी बोंडातच असतं. अंगाला चिकटून ते कुठल्याकुठं जातं."

"अण्णा शेरडांना येऊ देत नाहीत," मी म्हटलं.

सुनंदा हसू लागली आणि माझ्या चेहऱ्याकडं पाहून थांबली.

रविवारी मी अण्णांना स्कूटरवर मागं बसवलं. "कुठं?" "लगमव्वाकडं." बेळगुंदीच्या अलीकडं माळावर एक सपाट खडक आहे. दुपारच्या वेळी शेरडं तिथं विसाव्याला बसतात. लगमव्वा खडकावर पान लावत होती. आम्हाला पाहून तिनं चुना पुसला.

"अय्यो! आता हितनंबी हाकलायला आलाय व्हय?"

अण्णांनी छत्री स्कूटरवर अडकवली. रिकाम्या हातांनी ते तिच्यापुढं उभे राहिले. "न्हाय. इचारायला आलोय. ते काटं... तुझ्या शेरडांच्या अंगावरचं. काढून कुठं टाकत होतीस?"

"कुठं टाकणार? शेरडं खडकाला पाठ घासत्यात, निम्मं हितंच पडतंय. उरलेलं मी काढून त्या अंगाला टाकतो." तिनं हनुवटीनंच दाखवलं.

खडकाच्या उताराला, जिथं पावसाचं पाणी माती ओढून आणतं, तिथं काटेतुंबा होता. दाट, एकाला एक लागून, पार खालच्या चरापर्यंत. खालचे गोळे वाळून तपकिरी झालेले, वरचे अजून पांढरे. कुणी शेंडा खुडला नव्हता. त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

अण्णा उतरले. पाय टाकायला जागा शोधत, एकही झाड न तुडवता, कडेला बसले. एक पान तोडलं. चुरडलं. पण लगेच नाकाशी नेलं नाही. हात तसाच गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मला कळलं, ते घाबरले होते. वर्षभरात तेही गेलं असलं तर?

मग त्यांनी हात वर नेला.

लगमव्वा पान चघळायची थांबली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ते हात खाली घेत नव्हते.

"काय झालं ह्यास्नी?" तिनं मला हळूच विचारलं. मी सांगितलं, त्यांना दुसऱ्या कशाचाही वास येत नाही. तिनं तोंडातलं पान थुंकलं. मग खडकावरून खाली उतरून तिनं अण्णांना विचारलं, "किती येळ ऱ्हातंय वास?"

"बोटावर? दुपारपतोर."

"आन मग?"

"मग काय. संध्याकाळ लांब वाटतीया."

लगमव्वानं एक मोठं झाड मुळासकट उपटलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "न्या. घरात टांगा."

"न्हाय न्हाय, उपटू नगंस!" ते ओरडले, आणि मग ओशाळले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी शेरडं आमच्या वसाहतीकडं येतील काय, लगमव्वा?"

"तुमी मागलं गेट बंद करून घेतलंय की."

"उघडं ठेवीन," मी म्हटलं. "देसायांचं मी बघते."

देसायांचं मी कसं बघणार होते, मला तेव्हा माहीत नव्हतं. ठराव माझ्याच अक्षरात होता. पण अण्णा माझं ऐकतच नव्हते. त्यांनी उपटलेल्या झाडाची वाळकी बोंडं एकेक करून ओंजळीत घेतली. बोटांना टोचत असणार. जवळ बसलेल्या काळ्या शेळीपाशी ते सरकले. ती अंग चोरून उठू लागली तशी लगमव्वानं तिला कानाला धरून बसवलं आणि एक कानडी शिवी दिली, शेळीला की अण्णांना ते समजलं नाही. अण्णांनी तिच्या पाठीवरच्या केसांत बोंडं बसवली, हलक्या हातानं दाबून सारखी केली, आणि पोरीला परगावी पाठवताना पाठीवर हात ठेवावा तसा हात ठेवून म्हणाले,

"जा गं. आमच्या घराकडनं जा."